रात्रीचा श्वास, दिवसाची तपासणी



स्वागत समितीच्या वतीने मी या परिषदेला आलेल्या आपणां सर्व डॉक्टर, परिचारिका भगिनी आणि आशाताईंचे मिरजेत मनःपूर्वक स्वागत करतो. हे गाव तंबोऱ्यांचे, तसेच डॉक्टरांचे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारले आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेची वाट धरू लागले. त्या परंपरेला साजेसा विषय घ्यावा, म्हणून समितीने ‘गरोदरपणातील स्लीप ॲप्निया’ निवडला. हा आजार रात्री घडतो आणि आपण बाईला दिवसा तपासतो. म्हणूनच तो आपल्या हातून निसटतो.

झोपेत घशाचा मार्ग मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. डोळा लागला की पुन्हा तेच. गरोदरपणात नाक आतून सुजते, वजन वाढते, गर्भाशयामुळे श्वासपटल वर सरकते आणि फुफ्फुसांतील प्राणवायूची शिल्लक घटते. एरवी निभावून गेला असता असा अडथळाही दोन जीवांच्या बाईला जड जातो.

पहिलटकरणींचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन हजारांहून अधिक स्त्रियांची झोप घरच्या घरी तपासली होती. सुरुवातीच्या महिन्यांत ३.६ टक्के, तर मधल्या महिन्यांत ८.३ टक्के स्त्रियांमध्ये झोपेतील श्वासदोष आढळला. अशा स्त्रियांत प्रीएक्लॅम्पसियाची शक्यता जवळजवळ दुप्पट होती आणि गरोदरपणातील मधुमेहाची सुमारे तिप्पट. या दोन्हींची किंमत बाळही मोजते. रक्तदाब हाताबाहेर गेला की दिवस भरण्याआधीच प्रसूती करावी लागते, आणि आईची साखर चढली की जन्मताच बाळाची साखर उतरण्याचा धोका असतो. सिझेरियननंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामके श्वास आणखी मंद करतात. म्हणून भूलतज्ज्ञाला हे निदान आधी कळायला हवे.

यावर उपाय आहे. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलेले सीपॅप हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवते आणि ते गरोदरपणातही वापरता येते. मात्र उपाय सुरू होण्याआधी कोणीतरी विचारायला हवे.

आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोप, असा समज आहे. बाई घोरते हे सांगायला घरच्यांना संकोच वाटतो आणि तिची दिवसभराची गुंगी ‘दिवस गेलेत, असं व्हायचंच’ म्हणून सोडून दिली जाते. तिचा श्वास अडतो हे तिला स्वतःला सहसा कळत नाही, ते शेजारी झोपणाऱ्याला कळते. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते, म्हणजे त्रास वाढण्याच्या काळात तिच्या शेजारी तिची आई असते. तपासणीला सोबत आलेल्या त्या माउलीला आपण वजन, हिमोग्लोबिन, गोळ्या सगळे समजावतो. लेक रात्री घोरते का, मध्येच तिचा श्वास थांबतो का, हे मात्र विचारत नाही.

स्वागताध्यक्ष या नात्याने माझे आपल्याकडे एकच मागणे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात आपण गरोदर स्त्रियांना तपासतो. रक्तदाबाचा पट्टा बांधताना हे दोन प्रश्न प्रत्येकीला आणि तिच्या सोबत आलेल्यांना विचारले जावेत. लठ्ठपणा, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर ते चुकूच नयेत. उत्तर ‘हो’ आले, तर तिची झोप तपासण्याची सोय कुठे आहे, याची माहिती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ असावी. ती सोय तालुक्यापर्यंत कशी न्यायची, यावर या दोन दिवसांत नेमका आराखडा तयार व्हावा.

आपली निवास-भोजनाची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यकर्त्यांचे मी आभार मानतो. काही उणे राहिले तर हक्काने सांगा. अध्यक्ष महोदयांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करून मी आपले पुन्हा एकदा स्वागत करतो.