उधारीची वही आणि भट्टीचा धूर



मला भाषणाची सवय नाही. मी पाववाला. आग्रीपाड्यात अब्बांनी बेकरी चालवायला घेतली, तेव्हा गिरणीचा भोंगा हेच आमचं घड्याळ होतं. पहिल्या पाळीचे कामगार कडक पाव घेऊन जायचे, हिशेब पगाराला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वहीतली उधारी वाढत गेली. अब्बांनी कुणाचा पाव बंद केला नाही. गावी निघून गेलेल्यांची नावं त्या वहीत अजून आहेत. काहींची मुलं पुढे येऊन पैसे देऊन गेली, काहींची आली नाहीत.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. चाळीतलं गिऱ्हाईक विरार-कल्याणला गेलं. टॉवरमधली ऑर्डर मोबाईलवर येते. पोहोचवणारा मुलगा आमच्याच गल्लीतला, पण घेणारा मला ओळखत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. आमच्यात लगेच चर्चा सुरू झाली, "हे आपल्यालाच हटवायला आहे." खरं सांगतो, पहिल्या दिवशी मीही तेच म्हणालो.

मग रात्री भट्टीपाशी उभा राहिलो. आम्ही जुन्या फर्निचरचं भंगार लाकूड जाळतो. त्याला रंग असतो, पॉलिश असतं. तो धूर आधी माझ्या कारागिराच्या छातीत जातो, मग वरच्या मजल्यावरच्या पोरांच्या. शेजाऱ्याला त्रास देऊ नये, हे आपल्याला कोर्टाने शिकवायला हवं होतं का?

म्हणून मी भट्टी बदलतोय. पण मागणीही करतोय: गॅसची जोडणी वेळेत द्या, छोट्या बेकरीला परवडेल असं कर्ज द्या, कारागिरांना नवी भट्टी शिकवा. हे मुसलमान म्हणून मागत नाही. कर भरणारा दुकानदार म्हणून मागतो. इराणी, ख्रिस्ती, हिंदू बेकरीवालेही याच अडचणीत आहेत, त्यांच्यासोबत बसून मागतो.

तुम्ही शिकलेली मुलं आहात. आपल्या मोहल्ल्यातल्या एका तरी दुकानदाराजवळ बसा. त्याचा परवाना, भाडेपावत्या, नोटीस वाचून मराठीत समजावून सांगा. घाबरलेला माणूस कागद न वाचताच सही करतो आणि दुकान बिल्डरकडे जातं.

अब्बांची वही मी जपून ठेवली आहे. वसुलीसाठी नाही. या वस्तीने आमच्यावर आणि आम्ही वस्तीवर विश्वास ठेवला होता, त्याचा तो पुरावा आहे.