दीर्घ पॅकेटनोंद आणि रिंग बफरची आखणी

संगणकांच्या जाळ्यातून जाणारी माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांतून प्रवास करते, आणि हे तुकडे टिपून त्यांतील प्रत्येक थराचा अर्थ उलगडून दाखवणाऱ्या साधनाला प्रोटोकॉल अ‍ॅनालायझर म्हणतात. जेराल्ड कोम्ब्स यांनी 1998 मध्ये ‘इथिरियल’ या नावाने प्रसिद्ध केलेले आणि 2006 पासून ‘वायरशार्क’ म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. डोळ्यांसमोर घडणारा बिघाड तपासायला काही मिनिटांची नोंद पुरते. परंतु आठवड्यातून एखाद्याच वेळी, तेही अपरात्री, तुटणाऱ्या जोडणीचे कारण शोधायचे असेल तर नोंद अहोरात्र चालू ठेवावी लागते, आणि मग सारी आखणीच निराळी करावी लागते.

वायरशार्कची खिडकी टिपलेल्या प्रत्येक संवादाची स्थिती रॅममध्ये सांभाळत राहते, त्यामुळे नोंद लांबत गेली की रॅम अपुरी पडून काम मध्येच बंद पडते. वस्तुतः पॅकेट टिपण्याचे काम वायरशार्कदेखील ‘डम्पकॅप’ या छोट्या प्रोग्रामकडूनच करून घेतो. हा प्रोग्राम अर्थ लावण्याच्या भानगडीत न पडता केवळ डिस्कवर लिहीत असल्यामुळे दीर्घ नोंदीसाठी तो एकटाच चालवणे श्रेयस्कर ठरते. त्याला रिंग बफर ठरवून देता येतो, म्हणजे फाइलींचा आकार आणि संख्या नेमून देता येते. ती संख्या पुरी झाली की सर्वांत जुनी फाइल पुसली जाऊन नवी सुरू होते.

या चक्रात किती काळ मावला पाहिजे, हा दीर्घ नोंदीतला कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बिघाड किती वेळ टिकतो यापेक्षा तो लक्षात येऊन नोंद थांबवली जाईपर्यंत किती वेळ जातो यावर अवलंबून असते. शुक्रवारी रात्री तुटलेल्या जोडणीची तक्रार सोमवारी सकाळी येत असेल, तर अडीच दिवसांपेक्षा आखूड चक्र पुरावाच पुसून टाकते. सरासरी 20 मेगाबिट प्रतिसेकंद वाहतुकीची नोंद तासाला 9 गिगाबाइट जागा घेते. म्हणजे 500 मेगाबाइटच्या 200 फाइलींचे, एकूण 100 गिगाबाइटचे चक्र जेमतेम 11 तासांत पहिल्या फाइलीवर परतते.

अशा वेळी डिस्क वाढवण्याआधी प्रत्येक पॅकेटचा किती भाग ठेवायचा याची मर्यादा, म्हणजे स्नॅपलेन, आवळावी. इथरनेटचे 14, आयपीव्ही-4 चे सामान्यतः 20 आणि टीसीपीचे जास्तीत जास्त 60 बाइट धरले तरी शीर्षके 94 बाइटांत संपतात, म्हणून 128 बाइट पुरेसे होतात. पॅकेटची सरासरी लांबी 800 बाइट असेल, तर नोंद सुमारे पाचव्या हिश्श्यावर येते आणि तेच चक्र दोन दिवसांहून अधिक काळ धरते. 200 ऐवजी 300 फाइली नेमल्या की सोमवार सकाळ निर्धास्तपणे गाठता येते. मूळ लांबी प्रत्येक पॅकेटसोबत लिहिली जात असल्याने टीसीपीच्या अनुक्रमांकांचा हिशेबही बिघडत नाही. वापरकर्त्यांचा बराचसा मजकूर नाहक साठवला जात नाही, आणि हा लाभ लहान मानू नये.

पॅकेट गळण्याचा धोका मात्र दोन ठिकाणी असतो. डिस्क मागे पडल्याने गळलेल्या पॅकेटांची संख्या डम्पकॅप शेवटी सांगतो. तो धोका कमी करण्यासाठी मूळचा 2 मेगाबाइटचा बफर वाढवता येतो. स्विचच्या मिरर पोर्टवर, म्हणजे वाहतुकीची नक्कल टिपणाऱ्याकडे धाडणाऱ्या पोर्टवर, गळलेल्यांची त्याला गंधवार्ताही नसते : दोन्ही दिशांनी भरून वाहणारी गिगाबिट जोडणी एकाच गिगाबिट पोर्टातून पुढे धाडली, तर निम्मी वाहतूक वाटेतच सांडते. नोंदीत न आढळणाऱ्या डेटाची पोच समोरच्याने दिलेली दिसली, की तो तुकडा बहुधा टिपणाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही असे समजावे.

तुटणाऱ्या जोडणीच्या दोन्ही टोकांना अशी नोंद ठेवावी आणि दोन्ही यंत्रांची घड्याळे एनटीपीने जुळवून घ्यावीत. जोडणी तोडणारे ‘रिसेट’ पॅकेट क्लायंटकडच्या नोंदीत सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेले दिसले, पण सर्व्हरकडच्या नोंदीत ते कधी निघालेच नसेल, तर संशय दोघांमधील फायरवॉलवर जातो. त्याआधी बराच वेळ त्या जोडणीवर एकही पॅकेट गेलेले नसेल, तर फायरवॉलमधील निष्क्रिय जोडण्यांची कालमर्यादा सर्वप्रथम तपासावी.