बिघडलेले पोट आणि सुटलेले अन्न

(संस्थेच्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नव्हे. शिक्षण कला शाखेचे आणि नोकरी बँकेतील कारकुनीची. तेव्हा आरोग्यावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. अधिकार एवढाच की, २०२३ च्या पावसाळ्यात स्वतःच्या अज्ञानापायी आम्ही आठ किलो वजन गमावून बसलो होतो. आमच्या हातून जे घडले ते आपल्या घरात घडू नये, म्हणून हे चार शब्द.

प्रथम दाढेला सूज आली. दंतवैद्यांनी पाच दिवसांच्या प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक गोळ्या दिल्या आणि दाढ बरी झाली. पंधरवड्याने सर्दी-खोकला झाला. तेव्हा आम्ही जुने पाकीट दाखवून दुकानातून त्याच गोळ्या आणल्या. डॉक्टरांची फी वाचली, याचे समाधानच वाटले. तिसऱ्या दिवशी पोट बिघडले. दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब, मुरडा आणि पोटात वायू.

दूध आम्हाला तरुणपणापासून सोसत नाही. आता प्रत्येक पदार्थाचा संशय येऊ लागला. कुणी म्हणाले गहू सोडा, कुणी म्हणाले डाळ बंद करा. आम्ही पालेभाजी सोडली, फळे सोडली, ताकही सोडले. दोन महिन्यांनी ताटात भात आणि मीठ एवढेच राहिले. बँकेच्या काउंटरवर उभे असताना चक्कर आली. त्या रात्री आमच्या आईने विचारले, "अरे, आता तुझ्या खाण्यातून सोडायचं काही उरलंय का?" या प्रश्नाने आमचे डोळे उघडले आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी जे समजावले ते असे. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू असतात. त्यांतील बहुतेक आपले शत्रू नसून सोबती आहेत. ते न पचलेल्या अन्नावर जगतात आणि रोगकारक जीवाणूंना जागा मिळू देत नाहीत. प्रतिजैविक औषध रोगजंतूंबरोबर यांनाही मारते. त्यामुळे काहींना जुलाब होतात. बहुतेकांचे पोट औषध थांबल्यावर हळूहळू पूर्ववत होते. जीवाणूंची घडी बसायला मात्र कधी काही आठवडे, कधी महिने लागतात.

दुधाचे कारण वेगळे. दुधातील साखर पचविणारा लॅक्टेज नावाचा पाचकरस लहान आतड्यात तयार होतो. आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत तो बालपणानंतर कमी होतो. हा आजार नव्हे. मात्र जुलाबाने आतड्याचे अस्तर दुखावले की हा रस आणखी घटतो आणि एरवी चालणारा अर्धा कप चहाही त्रास देतो. ही वाढीव अडचण बहुधा तात्पुरती असते. बंधू-भगिनींनो, आमची चूक नेमकी येथे झाली. जे काही आठवड्यांसाठी सोडायचे, ते आम्ही कायमचे सोडले.

डॉक्टरांनी आम्हाला एक वही घालायला सांगितली. खतावणी लिहिण्यात आमचा जन्म गेला, तेव्हा हे काम जमले. तारीख, काय खाल्ले, किती खाल्ले, किती तासांनी त्रास झाला, असे चार रकाने. तीन-चार दिवसांत एकच नवा पदार्थ, तोही थोडा. आधी मऊ भात आणि मुगाचे वरण, मग शिजवलेला दुधी, केळे, ज्वारीची भाकरी. त्यानंतर दोन चमचे ताजे दही. विरजणातील जीवाणू दुधातील बरीच साखर वापरून टाकतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही चालते. तीन महिन्यांनी वहीचा ताळमेळ घातला तेव्हा खरा दोषी एकच निघाला: पेलाभर दूध. गहू, डाळ, भाजी सारे निर्दोष सुटले!

गव्हाबाबत एक सावधगिरी सांगतो. सीलिॲक नावाच्या आजारात गहू जन्मभर वर्ज्य करावा लागतो. पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

जुलाबात पहिला धोका शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याचा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे पाणी तोंडावाटे देऊन असंख्य प्राण वाचविले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. तीच जीवनजल पुडी आज अल्प किमतीत मिळते. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे.

मात्र शौचातून रक्त, ताप, पोटात तीव्र कळा किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. प्रतिजैविके संपल्यावर काही आठवड्यांनीही आतड्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि डॉक्टरांना आधी घेतलेल्या गोळ्यांचे नाव जरूर सांगावे.

शेवटचा मुद्दा विद्यार्थी मित्रांसाठी. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. म्हणजे आम्ही दुसऱ्यांदा घेतलेल्या गोळ्यांचा फायदा शून्य होता, नुकसान तेवढे पदरी पडले. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात. पाकिटावरची उभी लाल रेघ हेच सांगते: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध नको. डॉक्टरांनी दिले असेल तर सांगितल्याप्रमाणे घ्या, पोट बिघडल्यास त्यांनाच कळवा, मनाने बंदही करू नका.

आपल्या घरांत भाकरी, डाळ, भाजी हेच बळ आहे. ते भीतीपोटी सोडू नका. सोडलेच तर कोणत्या दिवशी परत घ्यायचे, हे वहीत लिहून ठेवा. आमच्या आईच्या हातची भाकरी आम्हाला पुन्हा गोड लागू लागली, यापेक्षा मोठा लाभ आम्हाला मागायचा नाही.