मूक बहुमताचा कौल

मौन ही संमती, असे व्यवहारात मानतात. ३ नोव्हेंबर १९६९ च्या रात्री अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून हाच आधार घेतला. १५ ऑक्टोबरला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध देशभर प्रचंड निदर्शने झाली होती. निक्सन यांनी तात्काळ माघार नाकारली; युद्धाचा भार क्रमाक्रमाने दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यावर सोपविण्याचे आश्वासन दिले आणि ‘मूक बहुसंख्यां’चा पाठिंबा मागितला.

तो मिळालाही. गॅलप चाचणीत भाषण ऐकणाऱ्यांपैकी ७७ टक्क्यांनी पसंती दर्शविली. व्हाइट हाउसमध्ये तारांचा ढीग पडला. त्यांतील काही तारा आधीच योजून मागविल्या होत्या, हे निक्सन यांचे सहायक अलेक्झांडर बटरफील्ड यांनी पुढे सांगितले. १५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये किमान अडीच लाख निदर्शक जमले.

३० एप्रिल १९७० ला त्याच पडद्यावरून कंबोडियात सैन्य धाडल्याची वार्ता आली. ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात निदर्शनांच्या वेळी गोळीबारात चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले. अमेरिकी सैन्य परतण्यास १९७३ साल उजाडले.

मूक माणूस कौल देतो, तो बहुधा युद्ध संपेल या आशेने. ती आशा लांबणीवर पडली, की त्याच मौनाचा जाब होतो.