मुलांसाठीं लिहूं इच्छिणाऱ्यांस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या आनंदाच्या दिवसांत तुमच्यापैकीं कांहीं तरुण-तरुणी मजकडे आलीं व म्हणालीं, "फादर, लहान मुलांसाठीं पुस्तकें लिहावीं असें आम्हांस फार वाटतें, पण स्फूर्ति कोठून आणावी व लेखणीला वळण कसें लावावें, तें सांगा." मी कांहीं मोठा ग्रंथकार नव्हे. परंतु ह्या कामीं मी एकदां चांगलाच फसलों आहें, आणि फसलेल्याचा अनुभव कधीं कधीं यशस्वी माणसाच्या उपदेशापेक्षां अधिक उपयोगी पडतो. म्हणून आज तोच सांगतों.

गुरुदीक्षा होऊन मला दोन-तीन वर्षें झालीं होतीं. सेमिनरींत तर्कशास्त्र व ईश्वरज्ञान शिकून आलेला मी. माझें डोकें सिद्धांतांनीं भरलेलें. मुलांस सद्गुण शिकवावे ह्या हेतूनें मीं वीस गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीच्या शेवटीं तात्पर्य जोडलें. एका रविवारीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत त्यांतील एक वाचून दाखविली. एक बकरी धन्याची आज्ञा मोडून रानांत जाते, वाट चुकते, अंधार पडतो. येथें वही खालीं ठेवून मी आज्ञाधारकपणावर बोलूं लागलों. मुलें खिडकीबाहेर पाहूं लागलीं. वर्ग सुटल्यावर सहा-सात वर्षांची एक मुलगी माझा झगा धरून म्हणाली, "फादर, त्या बकरीचें पुढें काय झालें?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. तात्पर्याला पोंचण्याच्या घाईंत मी त्या मुक्या जिवाला अंधारांत टाकून आलों होतों. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत मीं वेदीवरून कितीदां वाचला होता! त्यांतला मेंढपाळ मेंढरूं सांपडेपर्यंत शोधीत जातो. माझ्या गोष्टींत शोधणारा कोणीच नव्हता. शोधावयास निघाली ती ही चिमुकली.

म्हणून माझें पहिलें सांगणें हें कीं, लिहावयास बसण्यापूर्वीं एक खरें मूल डोळ्यांपुढें आणा. 'बालवाचक' नांवाचें लेकरूं कोणाच्याच घरीं नसतें. बिॲट्रिक्स पॉटर ह्या इंग्रज बाईंनीं ४ सप्टेंबर १८९३ रोजीं आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या पांच वर्षांच्या आजारी मुलास एक पत्र लिहिलें व त्यांत सशाच्या चार पिलांची गोष्ट चित्रें काढून सांगितली. कांहीं वर्षांनीं तें जपून ठेवलेलें पत्र त्याच्याकडून मागून घेऊन त्यांनीं त्याचें पुस्तक केलें. प्रकाशकांनीं तें नाकारलें, तेव्हां डिसेंबर १९०१ मध्यें त्यांनीं स्वखर्चानें २५० प्रति छापल्या. पुस्तक स्वस्त असावें व चिमुकल्या हातांत मावावें, असा त्यांचा आग्रह होता. १९०२ सालीं एका प्रकाशकानें तें काढलें, आणि शंभराहून अधिक वर्षें जगभरचीं मुलें तें वाचीत आलीं आहेत. एका लेकराची करमणूक व्हावी म्हणून जें लिहिलें, तें सर्वांचें झालें.

दुसरी गोष्ट स्फूर्तीची. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' हें पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिलें. हें ऐकून कोणी म्हणेल, स्फूर्ति ही विजेसारखी पडते. परंतु त्या पांच दिवसांमागें काय होतें तें पाहा. कोंकणांतल्या गरीब घरीं आईनें लावलेलें वळण होतें. अमळनेरच्या शाळेंत १९२४ ते १९३० पर्यंत केलेली शिक्षकी होती; तेथील छात्रालयांतल्या मुलांसाठीं गुरुजी स्वतःच्या हातानें दैनिक लिहून काढीत. रोज मुलांसाठीं लिहिणाऱ्या त्या हाताला तुरुंगांत शब्द शोधावे लागले नाहींत. आपण पांच दिवस मोजतों. त्यामागचीं वर्षें मोजीत नाहीं.

तुम्ही विचाराल, आमच्यापाशीं काय आहे? अहो, ह्या वसईच्या मातींत काय नाहीं? बावखलाच्या कांठीं गेलेलें बालपण आहे, रहाटाची कुरकुर आहे, सुकेळीं वाळत घालणाऱ्या आजीची राखण आहे. आमच्या सामवेदी बोलींत कितीतरी गोष्टी आहेत, ज्या कागदावर कधींच उतरल्या नाहींत. मीं आजवर ह्या गांवांतील पुष्कळ वृद्धांचे अंत्यविधि केले. प्रत्येक वेळीं कबरेवर माती लोटतांना मनांत येतें, ह्या शवपेटींतून किती गोष्टी गेल्या असतील! आत्म्यासाठीं आपण प्रार्थना करतों, तो देवाच्या हातीं सुखरूप आहे. पण गोष्टींचें काय? त्या नातवंडांच्या कानीं पडल्या नसतील, तर त्या गेल्याच. आमचीं बहुतेक मुलें आज इंग्रजी शाळेंत जातात. तें वाईट नव्हे. परंतु घरच्या बोलींतली एकही गोष्ट ठाऊक नसलेलें मूल आजीच्या शेजारीं बसूनही परकें राहतें.

तिसरें सांगणें अभ्यासाचें. लिहिलेलें मोठ्यानें वाचा, आणि एखाद्या मुलासमोर वाचा. जेथें त्याची नजर खिडकीबाहेर जाईल, तेथें समासांत खूण करा. ती ओळ कितीही सुंदर असली तरी काढा. जेथें तें "मग?" म्हणेल, तेथें आणखी लिहा. आजी बोलत असेल तर तिला तिच्याच बोलींत बोलूं द्या, पुस्तकी भाषेचे कपडे चढवूं नका. उपदेश गोष्टीच्या पोटांत राहूं द्या. बी पेरल्यावर उकरून पाहणारा शेतकरी पीक घेत नाहीं. आणि पहिलें पुस्तक कोणी छापलें नाहीं म्हणून खचूं नका. वहींत लिहून शेजारच्या मुलाला दिलेली गोष्टही वाचली जाते.

पुढच्या रविवारीं मीं त्या बकरीला घरीं आणलें. धन्याचा लहान मुलगा कंदील घेऊन तिच्या शोधांत निघतो, असें मीं लिहिलें. तात्पर्य सांगितलें नाहीं. मुलांनीं ती गोष्ट पुन्हां वाचावयास लावली. उरलेल्या एकोणीस गोष्टी मीं फाडून टाकल्या.

महोत्सवाच्या ह्या वर्षीं तुमच्यापैकीं प्रत्येकानें एवढेंच करावें: गांवांतल्या एका वृद्धापाशीं बसून एक गोष्ट ऐकावी, ती एका मुलास सांगावी आणि मग लिहावी. देव तुमच्या लेखणीस यश देवो, आणि तुमच्या गोष्टींतलें कोणतेंही मुकें जनावर रात्रीं रानांत न राहो!