तलावातली मासोळी कोणाची?

(ग्रामसभांच्या उन्हाळी बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गावात एकाने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



सकाळपासून जमिनीच्या पट्ट्यावर बोलणं झालं, अतिक्रमणाच्या नोटिशीवर झालं, तेंदूपत्त्याच्या मजुरीवर झालं. ते व्हायलाच पायजे. पण मागच्या बैठकीत मागे बसलेल्या बायांनी आम्हांला एक प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, तुम्ही जमिनीचं बोलता, जंगलाचं बोलता, पाण्याचं कधी बोलाल? आम्ही झिंगे धरायला तलावात उतरलो तं राखणदार शिव्या देतो, टोपली हिसकतो. तलाव आपल्या आज्यानं बांधला, आन् चोर आपण कसे?

त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हतं. कागद शोधले, म्हाताऱ्यांना विचारलं, दोन-चार गावं हिंडलो. जे हाती लागलं ते आज सांगतो. थोडं कायद्याचं आहे, थोडं आपल्याच चुकीचं आहे.

आधी तलावाची गोष्ट. आपल्या पूर्व विदर्भात, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत, हजारो जुने तलाव आणि बोड्या आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, म्हणून लोकांनी पाळ घातली, कोहळी लोक त्या कामात हुशार. इंग्रजाच्या राज्यात मालगुजार आले, तलावाला मालगुजारी तलाव म्हणू लागले. नाव मालगुजाराचं, घाम गावाचा. मालगुजार कितीही लुबाडणारा असो, गावाचा निस्तार चालत होता. धानाला पाणी, गुरांना पाणी, चुलीला लाकूड आणि कोरड्यासाला मासोळी.

मंग १९५० चा मालकी हक्क रद्द करणारा कायदा झाला. मालगुजारी, जमीनदारी गेली. चांगलं झालं, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण जमीनदाराकडून जे निघालं ते गावाकडे आलं का? नाही. जंगल वनखात्याकडे गेलं, तलाव सरकारजमा झाले. मोठा तलाव एका खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, कुठे ग्रामपंचायतीकडे. आणि तेव्हापासून तलावातल्या मासोळीचा ठेका सुरू झाला.

आता कागदाचं बोलतो, कान देऊन ऐका. महाराष्ट्राचा जमीन महसूल कायदा १९६६ चा आहे. त्यात कलम १६१ पासून १६७ पर्यंत निस्ताराबद्दल आहे, आणि ही कलमं आपल्या विदर्भासाठी आहेत. १६१ मध्ये निस्तार पत्रक. ते पुष्कळांना माहीत आहे, जळाऊ लाकूड, बांबू, चराई वगैरे. पण १६५ वं कलम कोणी वाचत नाही. त्याचं नाव वाजिब-उल-अर्ज. म्हणजे गावाची वहिवाट लिहून ठेवायचा कागद. त्यात दोन गोष्टी लिहायला सांगितल्या आहेत. एक, पाणी घेण्याचा आणि वाटेचा हक्क. दुसरा, मासे धरण्याचा हक्क. होय, मासे धरण्याचा. कायद्यातच लिहिलं आहे.

पण त्यात एक गोम आहे, तीही सांगितली पायजे, नाहीतर उद्या तहसीलदार तुम्हांला तोंडावर सांगेल आणि तुम्ही म्हणाल, संघटनेनं फसवलं. ही वहिवाट लिहायची ती सरकारच्या किंवा पंचायतीच्या ताब्यात नसलेल्या पाण्याबद्दल. सरकारी तलावातल्या मासेमारीसाठी पुढचं कलम १६६ आहे, तिथे सरकार नियम करतं, परवाना देतं, फी घेतं. म्हणजे बघा कशी गंमत केली. पहिले तलाव सरकारजमा केला, आणि मंग म्हणतात वहिवाट फक्त बिगरसरकारी पाण्यात! तरीही हा कागद आपल्या कामाचा आहे. जुन्या वाजिब-उल-अर्जात गावानं मासोळी धरल्याची नोंद असली, तं आपण कालपरवा घुसलेले नाही हे सिद्ध होतं. लढाईत पुरावा लागतो.

आता पुढचा कायदा. २४ डिसेंबर १९९६ ला दिल्लीत अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा झाला, लोक त्याला पेसा म्हणतात. त्यात लिहिलं आहे की गाव म्हणजे वस्ती, पाडा, जिथे लोक आपल्या रीतीरिवाजानं आपला कारभार चालवतात. म्हणजे तीन-चार गावांची मिळून जी गटग्रामपंचायत केली आहे ती गाव नाही. आणि आपल्या परंपरा, आपली सामूहिक साधनसंपत्ती सांभाळायला ग्रामसभा सक्षम आहे, असंही लिहिलं आहे. लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्था योग्य पातळीवरच्या पंचायतीकडे सोपवायची, हेही आहे.

इथेही डोळे उघडे ठेवा. पाण्याच्या कलमात ग्रामसभा हा शब्द नाही, योग्य पातळीवरची पंचायत असा शब्द आहे. ती कोणती पातळी, ते राज्यानं ठरवायचं. आणि लहान जलसाठा म्हणजे किती लहान, तेही त्या कायद्यात लिहिलेलं नाही. अधिकारी याचा अर्थ जिल्हा परिषद असा लावतील. आपण म्हणायचं, ज्या तलावाच्या पाळीवर आमच्या पोरांचे पाय रोज पडतात, त्याची योग्य पातळी म्हणजे आमची ग्रामसभा. राज्यांनी आपले कायदे एका वर्षाच्या आत याप्रमाणे दुरुस्त करायचे, असं त्याच कायद्यात आहे. ते वर्ष गेलं.

हे झालं कागदाचं. आता आपल्या चुकीचं बोलतो.

एका गावाची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही, त्या गावचे लोक इथे बसले आहेत आणि आम्हीही त्यात होतो. त्या गावच्या तलावात शेजारच्या गावचे ढिवर पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकत. उन्हाळ्यात पाणी आटलं की दिवस ठरवून सगळा गाव उतरे. ढिवर जाळं ओढत, आपण हातानं, टोपलीनं धरत असू. मोठी मासोळी ढिवराची, त्यातला वाटा गावाला, बारीक मासोळी आणि झिंगे ज्याच्या हाती लागतील त्याचे. भांडण होई, नाही असं नाही. पण दोघांचं पोट भरे.

मंग आपली संघटना वाढली. आपल्या पोरांना जोर आला. गाव आमचं, तलाव आमचा, ढिवर कायले पायजेत, असं म्हणून त्यांना परत पाठवलं. आम्ही तेव्हा टाळ्या वाजवल्या. हे आज कबूल करतो.

दोन वर्षं तलावात नीट जाळं पडलं नाही, कारण आपल्याला ते काम येत नाही. जाळं विणायला येत नाही, बीज कधी टाकायचं ते माहीत नाही. तिसऱ्या वर्षी तलाव ठेक्यात गेला. कागदावर मच्छीमार सहकारी संस्था, सभासदांच्या यादीत ढिवरांची नावं, पण पैसा तालुक्याच्या एका व्यापाऱ्याचा. ज्या ढिवरांना आपण हाकललं, तेच किलोमागे मजुरीवर जाळं ओढायला आले. आणि पाळीवर राखणदार बसला. त्याच राखणदारानं आपल्या बायांची टोपली हिसकली. तेव्हा सांगा, तलाव कोणी घालवला?

ढिवर भाऊ अनुसूचित जमातीत नाहीत, त्यांच्याजवळ जमीन आपल्याहूनही कमी. त्यांचं शेत म्हणजे पाणी. आपल्याला मासोळी कोरड्यासाला लागते, त्यांना जगायला लागते. हा फरक लक्षात ठेवून वाटणी बसवावी लागेल. इथे काही भाऊ नाराज होतील, होऊ द्या. बाहेर चर्चा करू.

दुसरी चूक याहून वाईट. नदीनाल्यात आपले म्हातारे गेळाचं फळ कुटून टाकत, शेराचा चीक टाकत, मासोळी गुंगून वर येई. ते एखाद्या लहान डोहात, उन्हाळ्यात, गावानं मिळून. दोन दिवसांत पाणी पुन्हा चांगलं होई. आता काय चाललं आहे? धानावर फवारायचं औषध दुकानातून आणून नाल्यात ओततात. खाणीवर, रस्त्याच्या कामावर सुरुंगाची कांडी मिळते, ती डोहात टाकतात. एका धमाक्यात बोटाएवढी पिल्लं पांढरी होऊन तरंगतात, मोठी चार हाती लागतात, बाकी वाहून जातात. खालच्या गावचं गुरं-माणसं तेच पाणी पितात. १८९७ च्या इंग्रजाच्या मासेमारी कायद्यानंच सुरुंग आणि विष दोन्हीला मनाई केली होती, त्यात दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होता. राखीव जंगलात १९२७ च्या वनकायद्याचं कलम २६ आहे, त्यात नियमाविरुद्ध मासे धरणं आणि पाण्यात विष घालणं दोन्ही गुन्हे. पण आम्ही कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. गार्डाला आयतं कारण मिळतं. एक पोरगा औषध ओततो, आणि गार्ड गरी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यालाही चोर म्हणतो.

पावसाचंही तसंच. मृगाचं पाणी पडलं की मासोळी वर चढते, नाल्यातून बांधीत येते, तिथे अंडी घालते. पोटात अंडी भरलेली मासोळी आडवून धरायला सोपी, म्हणून आपण नाल्याला पूर्ण आडवं कूड घालतो. अर्धा नाला मोकळा ठेवला तं पुढच्या वर्षीही मासोळी राहील. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते, पाण्यावर लाल-लाल पिल्लांचा थवा दिसतो त्याच्या खाली आईबाप असतात, हे लहान पोरालाही माहीत आहे. तेव्हा त्या जोडीला धरू नये, एवढा नियम कोणत्या खात्यानं नाही, आपण करायचा. ठेकेदार तलावात रोहू, कटला, मृगल सोडतो. त्या मासोळीला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, तलावात ती वाढते पण पिल्लं देत नाही, म्हणून दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. ते बीज विकून पैसा येतो, आम्ही त्याला नको म्हणत नाही. पण आपली गावरान मासोळी फुकट वाढते, फक्त तिची वाट आडवू नये.

बाहेर लोक काय करतात तेही ऐका. मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात तवा धरण झालं, ४४ गावं बुडाली, गोंड आणि कोरकू भाऊ. त्यांचीच जमीन पाण्याखाली, आणि वर मासे धरायचे तं आधी महामंडळाची, मंग ठेकेदाराची मजुरी. किसान आदिवासी संगठनेच्या लोकांनी धरणात उतरून आंदोलन केलं, चक्काजाम केला. १९९६ च्या अखेरीस सरकारनं पूर्ण जलाशयाची मासेमारी विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला पाच वर्षांसाठी दिली. गावोगावी समित्या, मासे धरणाऱ्यांचीच. बर्फ, गाडी, हिशेब सगळं तेच बघत. पावसाळ्यातले दोन महिने, १६ जून ते १५ ऑगस्ट, मासेमारी बंद ठेवत आणि राखण स्वतः करत. त्याआधी १९९४ मध्ये नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या विस्थापितांनाही असाच हक्क मिळाला होता. आपल्याला कोणी सांगत असेल की आदिवासीला धंदा जमत नाही, तं त्याला तवाची गोष्ट सांगा.

आणखी एक. नागपूर जिल्ह्याला लागून पेंचचा व्याघ्रप्रकल्प आहे, तोतलाडोहचा जलाशय आहे. मध्य प्रदेश सरकारनं तिथून उठवलेल्या ३०५ कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले, तं शहरातली एक संस्था सुप्रीम कोर्टात गेली. ५ मार्च १९९७ ला निकाल लागला. कोर्टानं परवाने रद्द केले नाहीत. जंगल राखायचं, पण तिथल्या आदिवासीच्या जगण्याचाही विचार केला पायजे, असं म्हटलं. अटी मात्र घातल्या. फोटोचं ओळखपत्र, ठरल्या वाटेनंच यायचं-जायचं, चूल पेटवायची नाही, किती मासोळी धरली त्याची रोज नोंद. अटी कडक होत्या, आम्हांला सगळ्या पटल्या नाहीत. आपल्याच पाण्यावर फोटो दाखवून जायचं! पण व्याघ्रप्रकल्पातही कोर्टानं तेव्हा परवाने टिकवले, तं आपल्या गावच्या तलावात कोण नाही म्हणेल?

आता काय करायचं. पुढच्या बैठकीच्या आधी प्रत्येक गावानं तलाठ्याकडे आणि तहसीलच्या दप्तरखान्यात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जाच्या नकलेसाठी लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या, पोच नाही दिली तं पोस्टानं पाठवा. आपला जिल्हा १९८२ ला वेगळा झाला, त्यामुळे जुना कागद चंद्रपूरला निघू शकतो, तिथेही विचारा. गावाचं जुनं नाव वेगळं लिहिलेलं असेल, म्हाताऱ्यांना सोबत न्या.

ग्रामसभेत ठराव घ्या की आमच्या सीमेतल्या तलाव-बोडीचा ठेका ग्रामसभेला विचारल्याशिवाय देऊ नये. घरच्या खाण्यापुरती टोपलीनं, गरीनं धरलेली मासोळी आणि झिंगे कोणत्याही ठेक्याच्या बाहेर राहतील, हे त्यात स्वच्छ लिहा. हे वाक्य बायांनी सांगितलं आहे, ते कोणी गाळू नये. सुरुंग आणि औषधाला बंदी, दंड गाव ठरवेल. ठरावावर बायांच्या सह्या, अंगठे अर्ध्याहून कमी असले तं आम्ही तो पुढे नेणार नाही.

आणि ज्या गावाची गोष्ट सांगितली, तिथे येत्या अमावस्येनंतरच्या रविवारी आम्ही ढिवर वस्तीत जाणार आहोत. माफी मागायची आहे आणि वाटणीचं बोलायचं आहे. त्यांनी आत बोलावलं तं बसू, नाही बोलावलं तं बाहेर उभे राहू. ज्यांना सोबत यायचं त्यांनी सकाळी तलावाच्या पाळीवर जमा. जेवण आपापलं आणा.