त्वचेचे रोपण आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवर-सूचक मंडळाचा अहवाल वाचला जातो आणि शिष्यवृत्तीच्या निधीसाठी आवाहन केले जाते. अशा मंगल प्रसंगी भाजलेल्या अंगाविषयी बोलणे कोणास अप्रशस्त वाटल्यास आम्हांस क्षमा करावी. शस्त्रवैद्यकाच्या व्यवसायात आमचे आयुष्य गेले, आणि जे आम्हांस ठाऊक आहे तेच आम्ही बोलू शकतो.

प्रारंभ पुण्यापासून करू. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हिंदुस्थानातून गेलेले एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याचे काम करीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळील, वीट पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक बसवून दिले. त्याने मेणाचा पातळ नमुना करून कपाळावर पसरला, त्याभोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडविली. मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक देठ शाबूत ठेवला. त्या देठावर कातडी वळवून ती नाकाच्या जागी बसविली आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ छेदला. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. हे वाचूनच कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात या विद्येस नवे जीवन मिळाले. त्या वीटकऱ्याचे नाव मात्र त्या पत्रात नाही.

श्रोतेहो, त्या देठात या शास्त्राचे सारे मर्म साठविलेले आहे. कातडी म्हणजे कापड नव्हे की फाडले आणि ठिगळ लावले. ती सजीव आहे व तिला रक्त हवे. नव्या जागेचे रक्त तिच्यात खेळू लागेपर्यंत जुन्या जागेचा आधार सोडता येत नाही. त्या कारागिराने घाई केली नाही, म्हणून कावसजीस नाक मिळाले.

नाकापुरती कातडी कपाळ देऊ शकते. परंतु स्टोव्हच्या भडक्याने किंवा कारखान्यातील आगीने तीन-चतुर्थांश अंग भाजले, तर कोठली कातडी घ्यावी? मांडीवरून पातळ पापुद्रा काढून जखमेवर लावण्याची रीत आहे. पण मांडीच जळाली असेल तर? या प्रश्नापुढे शस्त्रवैद्य दीर्घकाळ हतबल होते.

त्याचे एक उत्तर अमेरिकेत १९७५ साली सापडले. राइनवाल्ड आणि ग्रीन या संशोधकांनी मानवी बाह्यत्वचेच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची पद्धत सिद्ध केली. या पेशी एकट्या नीट वाढत नाहीत. त्यांच्या सोबतीस उंदराच्या पेशी, स्वतः वाढू नयेत अशा करून, ठेवाव्या लागतात. टपाल-तिकिटाएवढ्या कातडीपासून तीन-चार आठवड्यांत सबंध अंग झाकेल इतकी बाह्यत्वचा तयार होऊ शकते. ९५ टक्क्यांहून अधिक अंग भाजलेल्या दोन बालकांवर अशा त्वचेचे रोपण यशस्वी झाल्याचा वृत्तांत १९८४ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ साली जर्मनीत याहूनही मोठे कार्य घडले. जन्मजात दोषामुळे ज्याची कातडी सतत सुटून येत होती अशा सात वर्षांच्या एका मुलाच्या पेशी घेऊन, त्यांतील दोष दुरुस्त करून, त्याच्या अंगावरील सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा नव्याने वाढवून बसविण्यात आली. २०१७ साली हे वृत्त जगापुढे आले. या विद्येस ऊतक-अभियांत्रिकी असे म्हणतात.

हे ऐकून आपणांस वाटेल की आता प्रश्न सुटला. आता कातडी प्रयोगशाळेतून मागवावी. हा भ्रम आहे, आणि तो दूर करण्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत. काचपात्रात वाढते ती केवळ वरची त्वचा. ती अतिशय नाजूक असते. तिच्यात घर्मग्रंथी नसतात, केसांची मुळे नसतात. तिच्याखाली अंतस्त्वचेची भक्कम भुई नसेल तर ती फोड येऊन निघून जाते. त्या भुईसाठी बर्क आणि यानास यांनी १९८१ साली गुरांपासून मिळविलेले कोलॅजन व शार्क माशाच्या कूर्चेतील द्रव्य यांची जाळी योजली. तिच्यात रोग्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या शिरतात. हा मार्ग उत्तम, पण अतिशय खर्चाचा. शिवाय मुख्य अडचण काळाची आहे. पेशी वाढण्यास तीन-चार आठवडे लागतात. भाजलेल्या रोग्याच्या उघड्या अंगातून तोवर पाणी झरत असते आणि जंतू आत शिरत असतात. त्याने ते आठवडे कसे काढावेत?

यासाठी मृताच्या अंगावरून घेतलेली त्वचा लागते. ती काही आठवडेच टिकते, नंतर शरीर तिला नाकारते. परंतु त्या अवधीत ती प्राण राखते. इतकेच नव्हे, तर अशा त्वचेचा वरचा थर काढून खालच्या अंतस्त्वचेवर रोग्याची प्रयोगशाळेत वाढविलेली त्वचा लावता येते, हे १९८६ साली दाखविले गेले. म्हणजे नव्या विद्येलाही आधार या दानाचाच आहे. वीटकऱ्याने राखलेल्या देठाचे काम आज दात्याची कातडी करीत असते.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पुढे इतरत्रही झाल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरून अत्यंत पातळ पापुद्रा घेतला जातो. रक्त वाहत नाही, चेहऱ्यास स्पर्श होत नाही, आणि मग पट्ट्या बांधून देह आप्तांच्या स्वाधीन केला जातो. ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ठेवलेली ही त्वचा पाच वर्षांपर्यंत उपयोगी पडते. रक्तगट जुळावा लागत नाही.

आता एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हा त्यांचे नेत्रदान आम्ही केले. परंतु त्वचेचा शब्द आमच्या तोंडून निघाला नाही. अंगणात वडीलधारी मंडळी बसली होती. “आईच्या अंगाला सुरी लावू दिलीत?” असे कोणी विचारील, या भयाने आम्ही गप्प राहिलो. दहाव्याचे विधी आटोपून रुग्णालयात परतलो, तेव्हा आमच्या देखरेखीखालील एक भाजलेली मुलगी दगावली होती. पेढीत त्या आठवड्यात त्वचा शिल्लक नव्हती. मातोश्रींच्या त्वचेने ती वाचलीच असती असे आम्ही म्हणत नाही. परंतु आम्ही विचारलेसुद्धा नाही, ही बोच आजही जात नाही. जे जाणत होते त्यांनीच मौन धरले, तर न जाणणाऱ्यांस दोष कोणी द्यावा?

म्हणून आमची विनंती एवढीच. आपल्या संस्थेच्या सभासद-नोंदवहीत रक्तगटाचा रकाना आहे. त्याशेजारी त्वचादानाच्या संमतीचा एक रकाना घालावा. जवळच्या त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या फलकावर लावावा. आणि मुख्य म्हणजे, घरातील वडीलधाऱ्यांशी हा विषय त्यांच्या हयातीत, शांतपणे बोलावा. दुःखाच्या घडीस हा प्रश्न प्रथमच निघाला, तर उत्तर बहुधा नकाराचेच येते.

आपण येथे एका ज्ञातीचे म्हणून जमलो आहोत, आणि त्यात गैर काही नाही. परंतु कावसजीने त्या वीटकऱ्यापुढे कपाळ केले ते जात पाहून नव्हे, हात पाहून. कातडीही कोणाची हे जखम विचारीत नाही. आपल्या ज्ञातीचे नाव दानशूर म्हणून घेतले जाते. त्या दानात या एका दानाची भर पडावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.